बंदरात तीस-पस्तीस वर्षे टिकायचे तर : न्हावा शेवासाठी टप्प्याटप्प्याने तयारी

न्हावा शेवाच्या गेटवर काम शोधत येणाऱ्या मुलांचे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकते, ते म्हणजे क्रम. आधी उसनवारी करून क्रेनचा कोर्स, मग नोकरीची शोधाशोध, आणि सर्वांत शेवटी मेडिकल. तिथे डॉक्टर सांगतात की लाल-हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. कोर्सचे पैसे गेले आणि वर्षही गेले. दुसरी चूक वीस वर्षांनी उघडी पडते : हाताला कसब आहे, पण ते सिद्ध करणारा कागद एकही नाही.

खालचा क्रम या दोन्ही चुका टाळण्यासाठी आहे. तो न्हावा शेवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मुंबई बंदर, जयगड, दिघी येथेही थोड्याफार फरकाने हाच चालतो.

टप्पा १ : पगार कोण देणार, ते आधी समजून घ्या

"पोर्टात लागलो" असे सगळेच म्हणतात, पण पोर्टात मालक अनेक असतात. न्हावा शेवाचे हे बंदर, म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर, २६ मे १९८९ ला सुरू झाले. आज तिथली जमीन, जहाजांचा मार्ग आणि रस्ते बंदर प्राधिकरणाकडे आहेत, तर कंटेनर टर्मिनले वेगवेगळ्या कंपन्या चालवतात. त्यामुळे आत शिरायला चार दारे आहेत.

१. बंदर प्राधिकरण. जागा थोड्या, जाहिरात निघते, परीक्षा होते.
२. टर्मिनल चालवणारी कंपनी. ऑपरेटर, देखभाल, नियोजन ही कामे.
३. टर्मिनलचा ठेकेदार. ट्रेलरचालक, लॅशर (जहाजावर कंटेनर रॉडने जखडणारा), चेकर (कंटेनरचे नंबर तपासून नोंदणारा), सिग्नलमन (क्रेनला इशारे देणारा) यांची बरीच भरती इथून.
४. बंदराबाहेरची कंटेनर गोदामे (सीएफएस), वाहतूकदार, कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजन्सी.

नवा माणूस बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या दाराने आत जातो. त्यात कमीपणा नाही. मात्र नेमणूकपत्रावर कोणाचे नाव आहे, हे पहिल्याच दिवशी वाचा. पुढचे सगळे हक्क त्या नावाकडे मागायचे असतात.

घरात प्रकल्पग्रस्त दाखला असेल तर तो अर्जाला जरूर जोडा, पण निव्वळ त्याच्या भरवशावर तयारी थांबवू नका.

*सावध :* प्राधिकरणाची भरती त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जाहीर होते. परीक्षा शुल्काखेरीज कोणी "आतली सेटिंग", "गणवेशाचे डिपॉझिट", "मेडिकलची फी" म्हणून रोख मागितली, तर तो ठग समजा. लेटरहेड आणि शिक्का कोणालाही छापता येतो.

वाढवणबद्दल पालघर-डहाणूकडून सतत विचारणा होते. त्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण) ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळ २६ टक्के अशी त्यात भागीदारी आहे. बंदर उभे राहीपर्यंत तिथले काम बांधकामाचे असणार : वेल्डर, फिटर, जड वाहनचालक, सर्वेक्षण. क्रेन ऑपरेटरची गरज त्यानंतरची. आज कर्ज काढून क्रेनचा कोर्स करून वाढवणची वाट पाहत बसाल, तर हाताची सवय मोडेल. त्यापेक्षा चालू बंदरात अनुभव घ्या.

टप्पा २ : आपली वाट ठरवा

*यंत्रांची वाट.* आयटीव्ही (आतल्या आत कंटेनर हलवणारा ट्रेलर), मग रीच स्टॅकर (लांब हाताने कंटेनर उचलणारे वाहन) किंवा आरटीजी (यार्डातली रबरी चाकांवरची क्रेन), मग धक्क्यावरची मोठी क्रेन. पैसा चांगला, पण डोळे, मान आणि झोप यांची किंमत मोजावी लागते.

*देखभालीची वाट.* आयटीआय इलेक्ट्रिशियन, फिटर, डिझेल मेकॅनिक किंवा डिप्लोमा. सर्वांत जास्त वर्षे टिकणारी वाट हीच, असे आमचे ठाम मत आहे. गेटवर कॅमेरे कंटेनरचा नंबर वाचू लागले, काही ठिकाणी आरटीजी दूरच्या खोलीत बसून चालू लागल्या. तरी बिघडलेले यंत्र दुरुस्त करायला माणूसच लागतो.

*कागदपत्रांची वाट.* चेकर, डॉक्युमेंटेशन, यार्ड किंवा जहाजाचे नियोजन, कस्टम्स. कस्टम्स ब्रोकरकडे काम करणाऱ्याला आधी एच कार्ड मिळते, विभागाची परीक्षा दिली की जी कार्ड, आणि ब्रोकर म्हणून स्वतःच्या नावावर उभे राहायची परीक्षा त्याच्याही पुढे. एच कार्डावर दहा वर्षे काढणारे पुष्कळ आहेत. परीक्षा लवकर द्या.

*पाण्यावरची वाट.* टग, लाँच, दोर बांधणारी टोळी. खलाशी, सारंग, मास्टर अशी चढण. इंजिनाकडे इंजिन ड्रायव्हर. प्रत्येक पायरीला सक्षमता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी बोटीवर काढलेल्या दिवसांची नोंद लागते. कोळीवाड्यातल्या मुलांना भरती-ओहोटीचे ज्ञान उपजत असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते : चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. हा हिशेब अंदाजासाठी ठीक आहे. कामावर मात्र छापील भरती-तक्ताच पाहायचा.

*सावध :* जहाजाला आत आणणारा पायलट या शिडीने होता येत नाही. तो समुद्रावर वर्षे काढून मास्टरचे प्रमाणपत्र मिळवलेला अधिकारी असतो. तसेच सीडीसी हे जहाजावर नोकरी करणाऱ्या दर्यावर्दीचे पुस्तक आहे. यार्डात ट्रेलर चालवायला ते लागत नाही, आणि "पोर्टासाठी सीडीसी काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

टप्पा ३ : पैसे खर्च करण्याआधी शरीर तपासा

कोर्स, लायसन्स, प्रवास या सगळ्याच्या आधी स्वखर्चाने चार तपासण्या करून घ्या.

१. दृष्टी, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय. खोलीचा अंदाजही तपासून घ्या. क्रेनमध्ये तोच कामाला येतो.
२. रंगदृष्टी. ठिपक्यांतले आकडे ओळखायची चाचणी, पाच मिनिटांची.
३. रक्तदाब, साखर आणि फिट येण्याचा काही इतिहास.
४. ऐकू येणे. यंत्राच्या आवाजात वॉकीटॉकीवरचे शब्द कळले पाहिजेत.

उंचीची भीती डॉक्टरकडे कळत नाही. पाण्याच्या उंच टाकीच्या शिडीवर परवानगीने चढून खाली पाहा. धक्क्यावरच्या क्रेनची केबिन यापेक्षा कितीतरी उंच असते आणि पायांखाली काच असते.

*तपासा :* रंगदृष्टीत दोष निघाला तर यंत्रांची आणि पाण्यावरची वाट तिथेच सोडा. कागदपत्रांची वाट मोकळी आहे. विजेच्या कामातही तारांचे रंग ओळखावे लागतात, हे लक्षात असू द्या.

टप्पा ४ : सगळ्या कागदांवर एकच नाव

गेटपास अडतो तो बहुधा इथे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पॅनवर वडिलांचे नाव नाही. इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचे. बंदर हे सुरक्षित क्षेत्र असल्याने दीर्घ मुदतीच्या प्रवेशपत्रासाठी पोलीस पडताळणी होते, आणि नावातला फरक तिथे महिनाभर खातो. पुढे पीएफ काढतानाही हाच फरक आडवा येतो.

क्रम असा ठेवा : दहावीचे प्रमाणपत्र आधार धरा, त्याप्रमाणे आधार दुरुस्त करा, मग पॅन, मग बँक, मग लायसन्स. लग्नानंतर किंवा इतर कारणाने नाव बदलले असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या; नुसत्या प्रतिज्ञापत्रावर प्रत्येक ठिकाणी भागत नाही. पोलीस पडताळणी जिथे प्रत्यक्ष राहता तिथल्या पत्त्यावर करा. भाड्याच्या खोलीचा नोंदणीकृत करार नसला की तिथेही अर्ज परत येतो.

टप्पा ५ : लायसन्सचे वेळापत्रक उलटे मोजा

यंत्रांच्या वाटेला जड वाहनाचे लायसन्स लागते, आणि ते एका महिन्यात मिळत नाही. व्यावसायिक वाहनासाठी वय २० पूर्ण लागते, आणि त्याचे शिकाऊ लायसन्स काढण्याआधी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान १ वर्ष हातात असावे लागते. म्हणून :

* १८ पूर्ण होताच हलक्या वाहनाचे लायसन्स.
* १८ ते २० : आयटीआय पूर्ण करा किंवा गोदामात चेकर, हेल्पर म्हणून कंटेनरची भाषा शिका.
* २० पूर्ण होताच जड वाहनाचे शिकाऊ लायसन्स. ज्या शाळेत शिकाल तिथे ट्रेलर आहे का, हे आधी विचारा. ट्रक सरळ मागे घेणे वेगळे आणि ट्रेलर मागे घेणे वेगळे. ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावे लागते.
* बंदराबाहेर घातक माल वाहायचा असेल तर ३ दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद.

जे विसावे वर्ष उलटल्यावर हलक्या वाहनाचे लायसन्स काढतात, त्यांचे एक वर्ष फुकट जाते. व्यावसायिक लायसन्सची मुदत ५ वर्षे असते. संपण्याआधी नूतनीकरण करा, कारण मुदत संपली की त्याच दिवशी हजेरी बंद होते.

देखभालवाल्यांनी आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप सोडू नये. ती नोकरीची हमी देत नाही, पण तिचे राष्ट्रीय प्रमाणपत्र जन्मभर चालते. इलेक्ट्रिशियनने राज्याचा वायरमन परवाना आणि पुढे पर्यवेक्षकाचा परवाना काढून ठेवावा.

टप्पा ६ : पहिले सहा महिने, डोळे उघडे ठेवून

या सहा महिन्यांत यंत्र लवकर हातात मिळावे म्हणून धडपडू नका. खालच्या चार गोष्टी पक्क्या करा.

*कंटेनरचा नंबर.* चार अक्षरे, सहा आकडे आणि चौकटीतला एक तपासणी आकडा. हा शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून निघतो. अक्षरांना किंमत असते : ए म्हणजे १०, बी १२, सी १३ असे पुढे जायचे, फक्त ११, २२, ३३ वगळायचे. मग पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असे दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा. बाकी तोच तपासणी आकडा (बाकी १० आली तर ०).

उदाहरण : सीएसक्यूयू ३०५४३८. अक्षरांच्या किमती १३, ३०, २८, ३२. गुणाकार १३ + ६० + ११२ + २५६ + ४८ + ० + ३२० + ५१२ + ७६८ + ४०९६ = ६१८५. अकराने भागले की बाकी ३. म्हणून पूर्ण नंबर सीएसक्यूयू ३०५४३८ ३. आता घाईत ४ आणि ३ ची अदलाबदल होऊन ३०५३४८ लिहिले गेले, तर बाकी १० येते, आकडा ० निघतो, आणि चूक पकडली जाते. यंत्रात हे आपोआप होते. पण नेटवर्क गेलेले असताना पावसात पाटीवर नंबर लिहिणाऱ्या चेकरने हे जाणलेच पाहिजे. चुकीचा डबा जहाजावर चढला की तो परदेशी बंदरात उतरवून परत आणावा लागतो.

*आकार आणि वजन.* २२जी१ म्हणजे वीस फुटी साधा, ४५जी१ म्हणजे चाळीस फुटी उंच, ४५आर१ म्हणजे तसाच रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर). वीस फुटी रिकामा साधारण सव्वादोन टनांचा, उंच चाळीस फुटी पावणेचार-चार टनांचा. भरल्यावर बहुतेकांची कमाल मर्यादा ३०,४८० किलो. १ जुलै २०१६ पासून वजन पडताळल्याशिवाय निर्यातीचा भरलेला डबा जहाजावर चढत नाही.

*ट्विस्ट लॉक.* डबा ट्रेलरला चार कोपऱ्यांवर चार कुलुपांनी धरलेला असतो. उचलण्याआधी चारही उघडली पाहिजेत. एक जरी राहिले तर क्रेन डब्याबरोबर ट्रेलरही उचलते, आणि आत ड्रायव्हर असतो. म्हणून चांगला ऑपरेटर डबा वीतभर उचलून थांबतो, चाकांकडे पाहतो, मगच वर घेतो. तुम्ही ट्रेलरवर असाल तर चारही कुलपे स्वतः चालत जाऊन पाहा. गंजलेले कुलूप "उघडले असेल" असे गृहीत धरू नका.

*घातक मालाचे नऊ वर्ग.* १ स्फोटके, २ वायू, ३ ज्वलनशील द्रव, ४ ज्वलनशील घन, ५ ऑक्सिडायझर, ६ विषारी, ७ किरणोत्सारी, ८ दाहक, ९ इतर. डब्यावरची चौकोनी पाटी ओळखता आली की कुठे उभे राहायचे नाही ते कळते.

*सावध, जीव जाण्याच्या जागा :*

टांगलेल्या वजनाखाली एक पाऊलही नाही. आरटीजीच्या चाकांच्या पट्ट्यातून चालायचे नाही; वरच्या ऑपरेटरला तुम्ही दिसत नाही.

जहाजाच्या पोटात स्क्रॅप, कोळसा, लाकूड, पेंड असेल तर तो माल हवेतला प्राणवायू खातो. बाहेर तो २०.९ टक्के असतो, आत किती उरला हे मीटरशिवाय कळत नाही, वासही येत नाही. आत पडलेल्या सोबत्याला वाचवायला धावत उतरणारा दुसरा माणूसही तिथेच कोसळतो. आधी हाक द्या, मीटर आणि श्वसनयंत्र येईपर्यंत कोणालाही उतरू देऊ नका.

गोदामात डबा उघडताना उजवे दार आधी उघडते. प्रवासात माल सरकून दाराला टेकलेला असू शकतो, म्हणून दाराला पट्टा बांधून थोडेच उघडा आणि बाजूला उभे राहा. धुरी दिलेल्या डब्याची पाटी असेल तर हवा खेळल्याशिवाय आत डोकावू नका.

रीफरचा प्लग काढताना आधी डब्याचा स्विच, मग सॉकेटचा स्विच, शेवटी प्लग. चालू भारावर प्लग ओढला की ठिणगीने हात भाजतो. हा चार पिनांचा, तीन फेजचा पुरवठा आहे.

दोरांच्या टोळीत ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहायचे नाही. तुटलेला दोर परत फिरतो तेव्हा सरायला वेळ मिळत नाही.

टप्पा ७ : वरच्या यंत्रावर जाताना

आयटीव्हीवर दोनेक वर्षे विनाअपघात काढली की आरटीजीसाठी अर्ज करा. आरटीजीखाली साधारण सहा रांगा आणि एक ट्रकची लेन असते. इथले खरे कसब डबे उचलण्याच्या वेगात नाही, कमी उचलण्यात आहे. तळातला डबा काढायला वरचे चार हलवावे लागतात. ते कुठे ठेवायचे, हे विचार न करता ठेवले की पुढच्या तासाला पुन्हा तेच हलवावे लागतात.

धक्क्यावरच्या क्रेनवर नवखा अडतो तो झोक्यात. ट्रॉली थांबली की दोरांवरचा डबा पुढे झोके घेतो. घाबरून ट्रॉली मागे ओढली की झोका वाढतो. उलट करायचे असते : डबा झोक्याच्या पुढच्या टोकाला पोहोचत असताना ट्रॉली त्याच्या डोक्यावर न्यायची आणि तिथे थांबवायची. झोका जिरतो. सिम्युलेटरवर हेच शंभर वेळा करा. तासाला २५-३० उचली हा सरावलेल्या हाताचा वेग आहे. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

*तपासा, स्वतःची वही :* तारीख, पाळी, यंत्राचा प्रकार व क्रमांक, किती उचली, काही बिघाड. रोज एक ओळ. महिन्याला पाळीप्रमुखाची सही मिळाली तर फारच उत्तम. ठेका बदलताना अनुभवपत्र मागा आणि त्यात पद, यंत्राचा प्रकार, त्याची क्षमता, टर्मिनलचे नाव, कधीपासून कधीपर्यंत हे सगळे लिहून घ्या. "आमच्याकडे ऑपरेटर होता" एवढ्या एका ओळीच्या पत्राला दुसऱ्या बंदरात किंवा आखातात कोणी विचारत नाही. ठेकेदाराने गाशा गुंडाळल्यावर हे पत्र मिळत नाही, म्हणून काम चालू असतानाच घ्या.

टप्पा ८ : ठेका बदलतो, पीएफ बदलू देऊ नका

ठेकेदार दर काही वर्षांनी बदलतात, माणसे तीच राहतात. प्रत्येक बदलाला पीएफ काढून मोटारसायकल घेणे ही बंदरातली सर्वांत महागडी सवय आहे. पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते, आणि पेन्शनचा हिस्सा काढून घेतला की तोवरची सेवा पुसली जाते. तीन-तीन वर्षांचे चार तुकडे काढून खाल्लेल्या माणसाच्या हाती ५८ व्या वर्षी पेन्शन राहत नाही, काम मात्र बारा वर्षे झालेले असते.

१. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच ठेवा. नव्या ठेकेदाराला जुनाच द्या.
२. आधीच्या महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. दर महिन्याच्या २० ला पासबुक पाहा.
३. पगारपत्रकावर कपात दिसते पण पासबुकात नाही, असे दोन महिने झाले तर लेखी विचारा. ठेकेदार हात वर करत असेल तर मूळ मालक असलेल्या टर्मिनलकडे आणि पीएफ कार्यालयाकडे अर्ज द्या. पोच घ्या.
४. पासबुकातली कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख तपासा. सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर पैसे पुढे वळत नाहीत.

टप्पा ९ : चाळिशीच्या आत पुढची खुर्ची

ठरावीक काळाने मेडिकल पुन्हा होते. रात्रपाळी, केबिनमधला चहा-बिस्किटांचा मारा आणि तंबाखू यांनी रक्तदाब आणि साखर वाढते, आणि चाळिशीत ऑपरेटर यंत्रावरून खाली येतो तो बहुतेक यामुळेच. मान खाली घालून तासन्‌तास काचेतून पाहिल्याने मणक्याचा त्रास वेगळा. पाळी संपल्यावर मान आणि पाठीचे व्यायाम, रात्रपाळीनंतर अंधाऱ्या खोलीत सलग झोप, आणि पाळीच्या मध्यात घरचा डबा. एवढे पहिल्या वर्षापासून पाळा.

तरीही कधीतरी यंत्र सोडावेच लागते. त्याची तयारी ३५ च्या सुमारास सुरू करा. लॅशरने सिग्नलमन किंवा टोळीप्रमुखाकडे सरकावे. लांब रॉड उचलणारी कंबर पन्नाशीपर्यंत साथ देत नाही. ऑपरेटरने प्रशिक्षक, पाळीप्रमुख किंवा यार्ड नियोजन यांपैकी एक निवडावे. नियोजनासाठी जहाजाचा नकाशा वाचता आला पाहिजे : विषम क्रमांकाचा बे (जहाजाच्या लांबीतला कप्पा) वीस फुटी डब्यांचा, सम क्रमांकाचा चाळीस फुटींचा, पोटातले थर ०२ पासून, डेकवरचे ८२ पासून मोजतात. सोबत स्प्रेडशीट आणि कामापुरते इंग्रजी ईमेल. बारावी किंवा पदवी अर्धवट राहिली असेल तर मुक्त विद्यापीठातून ती आत्ता पूर्ण करा, कारण पाळीप्रमुखाच्या जागेला अर्ज करताना पदवीचा रकाना रिकामा असला की वीस वर्षांची वही वाचली जाण्याआधीच अर्ज बाजूला पडतो.